एक नंबरला लिहिलेलं काम

मी ज्या कॉलेजच्या ऑफिसात काम करते, तिथं गेल्या वर्षी एक प्रशिक्षण झालं. शिकवायला आलेल्या बाईंनी फळ्यावर ‘प्रायोरिटाइज’ असं लिहिलं. सगळी कामं कागदावर मांडा, नंबर द्या, एक नंबरचं आधी करा, एवढाच त्याचा अर्थ. परिपत्रकात त्याला अग्रक्रम ठरवणं म्हणतात, घरी आपण ‘आधी काय उरकू’ म्हणतो. मी एक नंबरला सोनोग्राफी लिहिली. छातीत गाठ हाताला लागत होती, दोन महिने झाले होते. बाई म्हणाल्या, “शाब्बास! बायका स्वतःला एवढं वर लिहीत नाहीत.”

गुरुवारी अकराची वेळ घेतली. आमच्या भागात पाणी बुधवारी येणार होतं, म्हणून मुद्दाम गुरुवार. इथं लग्नं सोडली तर सगळं पाण्याचा दिवस बघूनच ठरतं. बुधवारी पाणी आलंच नाही. गल्लीच्या ग्रुपवर निरोप आला: पाइप फुटलाय, उद्या दहानंतर केव्हाही.

पाणी आलं की आधी हौद भरायचा, मग मोटर लावून वरच्या टाकीत चढवायचं. कुणीतरी तिथं उभं राहावंच लागतं. नवरा वाळूजला पहिल्या पाळीला. शेजारीण म्हणाली, “अहो, माझाच हौद कोरडा आहे, मी कुठं कुठं धावू?” राहिल्या सासूबाई, त्यांना जिना उतरता येत नाही, अंगही मीच ओल्या फडक्यानं पुसते.

मी म्हटलं, “आई, या वेळचं पाणी सोडून देऊ. टँकरला सांगते.”

“लई शहाणी! टँकर यायला चार दिवस. तवर मला कोरडीच पुसणार व्हय?” मग म्हणाल्या, “तुझं ते दुखतं का पण?”

“नाही.”

“मग?”

दुखत नव्हतं, हे खरंच होतं. नंबर देताना बाकीची कामं गप्प बसतील असं धरलेलं असतं. ती बसत नाहीत.

साडेदहाला नळाला धार आली. एका हातानं पाइप हौदात धरून मी सोनोग्राफीवाल्यांना फोन लावला.

“पुढची तारीख पंधरा दिवसांनी, मॅडम. अर्जंट असेल तर सांगा, उद्याच घुसवते.”

उद्या प्रवेशअर्जांचा शेवटचा दिवस, खिडकीवर मी एकटी.

“अर्जंट असं काही नाही,” मी म्हणाले. पंधरा दिवसांनंतरची तारीख घेतली आणि मोटर चालू केली.