आधी का नंतर

वैशाखातल्या दुपारी आमच्या देऊळगाव राजात सगळंच थोडं हललेलं दिसतं. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया, त्यांच्यावर पांघरलेलं जुनं लुगडं, पलीकडचा कडुनिंब, सगळं झळांमध्ये तरंगत असतं. जालन्याची एसटी येते तेव्हा आधी नुसता आवाज येतो आणि बऱ्याच वेळानं, आवाज विसरल्यावर, गाडी. अशा दुपारी मी मधल्या खोलीत लॅपटॉप उघडून प्रोग्रामिंग शिकत बसायची आणि पुढच्या खोलीत बाबा आत्याच्या लग्नाची कॅसेट बघत बसायचे. कॅसेट म्हणजे आता पेन ड्राइव्ह. पण आमच्या घरात ती कॅसेटच राहिली.

मी शाळेत मराठी शिकवते. पुढच्या वर्षीपासून मुलांना कोडिंग शिकवायचं असं शाळेनं ठरवलं आणि शिकवणार कोण, या प्रश्नावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या शाळेत ज्याला मोबाइलवर पीडीएफ उघडता येते तो संगणकतज्ज्ञ. मी एकदा सर्वांसमोर उघडली होती, ती भोवली.

मला शिकवायला यायची ती माझीच जुनी विद्यार्थिनी. नोकरी पुण्याच्या कंपनीत, पण उन्हाळाभर घरूनच काम करत होती आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे यायची. मी तिच्याकडून वृत्तं घोकून घेतली होती. आता ती माझ्याकडून लूप लिहून घेत होती, आणि जुना हिशेब चुकता करत होती असं माझं ठाम मत आहे.

पहिलाच अभ्यास होता पाढा छापण्याचा. लूप म्हणजे काय, तर तेच काम पुन्हा पुन्हा, दर खेपेला एक पाऊल पुढे सरकून, थांबायची वेळ येईपर्यंत. समजायला सोपं. मी तोऱ्यात लिहिलं, बटण दाबलं, आणि पडद्यावर ‘दोन एके दोन’ आलं. पुन्हा ‘दोन एके दोन’. मग पुन्हा तेच. अक्षरं नदीसारखी वर धावत राहिली आणि मी त्यांच्याकडे बघत बसले. खरं सांगायचं तर छान गुंगी येत होती.

“मॅडम, लूप काऊन थांबून नाही राह्यला, पाहा बरं,” ती म्हणाली.

मी पाहिलं. मला काही दिसलं नाही. मी मशीनला दोष दिला, मग उन्हाला.

“तुम्ही मोजणी लूपच्या आतच एकपासून सुरू केली. दरवेळी आत गेलं की पुन्हा एक. मंग ते दोनवर जाईनच कसं?”

म्हणजे पहिले पाढे पंचावन्न! म्हण माझी, रोज वर्गात वापरते, आणि मशीननं ती माझ्यावरच उलटवली. मी मोजणी उचलून लूपच्या बाहेर ठेवली. पाढा सरळ वीसपर्यंत गेला आणि शहाण्यासारखा थांबला. तेवढ्यात पुढच्या खोलीतून सनई ऐकू आली. कॅसेटच्या सुरुवातीला गणपतीच्या चित्रावर वाजते ती. काल याच वेळी वाजली होती. परवाही.

तेव्हा मला कळलं की बाबांची मोजणीसुद्धा लूपच्या आत अडकली आहे. ते रोज जेवण करून कॅसेट लावायचे. गणपती, मग सोनेरी अक्षरं, मग मांडव, मग हळद. हळदीपर्यंत त्यांचा डोळा लागायचा, नाहीतर लाइन जायची. आमचा टीव्ही जुना. बंद पडला की सगळं विसरणारा. दुसऱ्या दिवशी पुन्हा गणपती.

ते कशासाठी बघतात हे मला ठाऊक होतं. चैत्रात एका सकाळी चहा पिता पिता ते म्हणाले होते, “माय, मले तुह्या आईचा आवाज आठवून नाही राह्यला.”

असं म्हणून त्यांनी बशीतला चहा संपवला. मी आठवून बघायला गेले तर माझ्याकडेही काही नव्हतं. आई गेली तेव्हा मी फार लहान होते. तिचा हात आठवतो, पाटीवर माझा हात धरून गिरवणारा. आवाजाच्या जागी मात्र माझाच आवाज येतो, आईचा म्हणून. त्या दिवशी शाळेत मी तीन वेळा एकच धडा काढला आणि बंद केला.

आईचा आवाज राहिला असेल तर तो एकाच ठिकाणी. आत्याच्या लग्नात विहिणींच्या पंगतीला आईनं उखाणा घेतला होता. बाबा तहसीलमध्ये कारकून होते, चारचौघांत लाजणारे. ते दाराआड उभे राहून ऐकत होते. “आमच्या लग्नात घेतलं होतं तिनं माह्यं नाव, पण त्या गोंधळात मले ऐकूच आलं नाही,” ते म्हणाले. “तिथं ऐकलं. साफ. तेवढंच एकदा.” एरवी घरात नवऱ्याचं नाव कोण घेतं? तो एकदा घेतलेला उच्चार त्यांना परत हवा होता, आणि त्यासाठी ते रोज दुपारी गणपतीपासून निघत होते आणि हळदीत झोपी जात होते.

त्या आठवड्यात मी शोध शिकत होते. एकेक वस्तू ओळीनं तपासत जायचं, हा एक प्रकार. पण वस्तू क्रमानं लावलेल्या असतील तर थेट मधली उचलायची, आपल्याला हवी ती हिच्या आधी का नंतर एवढंच विचारायचं, आणि नको ती अर्धी बाजू टाकून द्यायची. मग उरलेल्याची मधली. माझी गुरू म्हणाली की याला क्रम लागतो, क्रम नसेल तर सगळं फुकट. मी म्हटलं, लग्नाला क्रम नाही तर कशाला आहे?

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅसेट लॅपटॉपवर घेतली आणि बाबांच्या शेजारी बसले.

“बाबा, थेट मधेच जाऊ. तुम्ही फक्त सांगा, आधी का नंतर.”

“असं कसं? सुरुवात नाही पाहायची?”

“सुरुवात तुम्हाला पाठ झाली.”

ते हसले. मधोमध गेलो. आत्या पिवळ्या लुगड्यात, गळा मोकळा. बाबांनी चष्मा सारखा केला, पडद्याजवळ वाकले. “गळ्यात मंगळसूत्र नाही. लग्न लागलंच नाही अजून. पंगत नंतर.” अर्धं लग्न आम्ही टाकून दिलं. पुढचा मध्य काढला तर होमाचा धूर आणि सप्तपदी. “नंतर,” बाबा म्हणाले. मग थांबून, जरा चाचरत, “मंगलाष्टकं राह्यली की माय मधे. थोडी पाहू दे ना.”

“तिथे नाही ते, पुढे आहे,” मी म्हटलं. मला हातातल्या युक्तीची धुंदी चढली होती.

पुढच्या उडीत पाठवणी निघाली. आत्या रडत होती, कुणीतरी तिला पाणी पाजत होतं. “आधी! आधी!” बाबा ओरडलेच. मी इतका मोठा आवाज त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता. एरवी हाक मारली तरी ते ओ देत नाहीत, नुसती मान वळवतात. आता ते लहान मुलासारखे मांडी बदलत होते. बाहेर ऊन पांढरं झालं होतं, पंखा हळू फिरत होता, आणि आम्ही दोघं एका जुन्या दिवसात वरून खाली, खालून वर उड्या मारत होतो. मला वाटलं, अशीच दुपार राहावी, संपूच नये.

मग पंगत आली. रांगोळ्या, उदबत्त्या, विहिणींची ताटं. आणि तूप वाढणारी आई. माझ्यापेक्षा कितीतरी लहान. मी तिच्याकडे बघितलं तेव्हा मला पहिलं काय वाटलं असेल, तर ही पोरगी किती वाळली आहे, हिला कुणी जेवायला सांगा.

बायकांनी तिला अडवलं. तिनं तुपाची वाटी खाली ठेवली, पदर सारखा केला, एकदा दाराकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

कुठल्याशा हिंदी पिक्चरचं गाणं वाजत होतं.

तिचे ओठ हलत होते. बायका हसल्या, एकीनं तिच्या पाठीवर थाप मारली, आईनं तोंडावर पदर घेतला. सगळं गाण्याच्या खाली. त्या काळी आमच्याकडचे शूटिंगवाले हेच करत. मूळ आवाज काढून टाकायचा आणि वर पिक्चरची गाणी चढवायची. लोकांना ते भारी वाटायचं, आमच्या घरच्यांनी तर खास सांगून दोन गाणी जास्त टाकून घेतली होती. मूळ कॅसेट बुरशी लागून कधीच गेली होती.

मला इतका संताप आला की तो शूटिंगवाला समोर असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. मी ती जागा पुन्हा लावली, आवाज वाढवला, कमी केला. गाणंच मोठं-लहान झालं.

“राहू दे, माय,” ते म्हणाले. “दिसली ना. तेवढं पुरे.”

ते उठून ओसरीत जाऊन बसले. पुरे नव्हतं, ते त्यांच्या पाठीवरून दिसत होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

माझी गुरू आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. तिनं लॅपटॉप पुढ्यात ओढला. मग म्हणाली, “मॅडम, काकांले पाहायचं असंन तर पाहू द्या. फक्त रोज पहिल्यापासून नको. मोजणी बाहेर काढा.” तिनं जवळ बसून मदत केली आणि मी माझा पहिला स्वतःचा प्रोग्राम लिहिला. काम एवढंच: कॅसेट जिथे थांबली ती वेळ लक्षात ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तिथून लावायची. लाइन जावो, बाबा झोपोत. नोकरीच्या जगात असल्या प्रोग्रामला कुणी विचारणार नाही. मला तो ताजमहालासारखा वाटत होता.

बाबांनी बरेच दिवस लॅपटॉप उघडलाच नाही. मग एका दुपारी हळदीवर चढवलेलं गाणं ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी हळद संपली. त्यांच्या पद्धतीनं, डुलक्या घेत, ते पुढे सरकू लागले. सीमांतपूजनाला त्यांनी मला बोलावून एक मेलेले मामा दाखवले. गाण्यांमागून गाणी वाजत राहिली. मला वाटलं, चला, दुपार तर जाते आहे.

त्या दिवशी मी परातीत कणीक मळत होते. पुढच्या खोलीत अचानक गाणं थांबलं आणि भटजींचा खराखुरा, चिरका आवाज घरात शिरला. मंगलाष्टकं. मंगलाष्टकांवर पिक्चरचं गाणं चढवायला तो शूटिंगवालाही धजला नव्हता. अपशकुन झाला असता. तेवढा भाग त्यानं जसाच्या तसा ठेवला होता, आणि आधी-नंतरच्या नादात मी तोच टाकून दिला होता.

“माय!” बाबांनी हाक मारली. “ये इकडं!”

मी कणकेच्या हातांनी धावले. पडद्यावर अंतरपाट आणि माणसांच्या पाठी. आई दिसत नव्हती. बाबांनी बोट वर करून मला गप्प राहायला सांगितलं, मग चित्र मागे कसं न्यायचं ते कळेना म्हणून माझ्याकडे बघितलं. मी कोपरानं बटण दाबून थोडं मागे नेलं. भटजींचा सूर लांबला, ‘सावधान’ आलं, अक्षतांचा सडा पडला, आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, जणू खोलीतच, एक बाई बोलली.

“आवो, एकदमच नका टाकू अक्षता. पोरीले द्या जराशा.”

आवाज थोडा बसका होता. माझ्या आवाजासारखा मुळीच नव्हता. पोरगी मी होते, बाबांच्या कडेवर असणार, पडद्याबाहेर. आम्ही तिघंही त्या क्षणी पडद्याबाहेर एकाच जागी उभे होतो.

बाबांनी डोळे मिटले होते. “हाव,” ते म्हणाले. “हाच. हीच हाक.” मग चष्मा काढत, “नाव तर ती कधीच घेत नव्हती ना. मी कायले नाव धुंडून राह्यलो होतो?”

मी हात धुऊन आले. एवढाच तुकडा फिरत राहील असा लूप लिहायला मला आता वेळ लागत नव्हता. लूपला कधी थांबायचं ते सांगावं लागतं, म्हणून मी बाबांना विचारलं. त्यांनी ऐकलं नाही. ते ताठ बसले होते, चष्मा काढून हातात घेतला होता. मी थांबायची ओळ तशीच रिकामी सोडली आणि बटण दाबलं.

‘सावधान’ आलं. अक्षता पडल्या.

“आवो,” आई म्हणाली.

“ओ,” बाबा म्हणाले.