बॅग कुठे उतरणार?

आमच्या भावोजींना सगळे लोक मधेकुठे काका म्हणतात. विमानाचं तिकीट काढायला कुणीही येवो, तो बाकावर नीट टेकायच्या आत भावोजी विचारतात, "मधे कुठे थांबणार?" माणूस बिचारा कौतुकानं सांगायला लागतो की मुलाकडे चाललोय, मुलानं नवं घर घेतलंय. भावोजी हात वर करतात. "ते पोचल्यावर हो. आधी मधे कुठे, ते बोला."

मी त्यांची मेहुणी. अठरा वर्षं त्यांच्या समोरच्या टेबलावर बसून लोकांचे व्हिसाचे फॉर्म भरतेय. ऑफिस कसलं, जिन्याखालची खोली ती. दोन टेबलं, गिऱ्हाइकांसाठी एक बाक आणि दर तिसरा कागद चावणारा प्रिंटर. माझा स्वभाव तापट आहे, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी दचकायला नको. भावोजींचा शांत आहे. इतका शांत, की त्याचाच मला राग येतो.

त्यांची समजावून सांगायची एक पद्धत आहे. टेबलावर चहाचे तीन रिकामे कप मांडायचे. एकेक कप म्हणजे एकेक विमानतळ. स्टेपलर म्हणजे विमान. मधल्या कपापुढे एक पेन आडवं ठेवायचं, तो त्या देशाचा दरवाजा. आणि बॅग म्हणजे खोडरबर. ते गिऱ्हाइकानं स्वतःच्या बोटानं ढकलायचं.

"आता सांगा, बॅग कुठे उतरणार? तिकीट एकच असेल तर बॅग आपली आपण दुसऱ्या विमानात जाते. तिकिटं दोन असली, की ती इथे, पेनाच्या पलीकडे येऊन पडते. तिला आणायला तुम्ही पलीकडे जाणार. आणि पलीकडे पाऊल टाकलं की ट्रान्झिट व्हिसा पाहिजे. मग तिथे पाच मिनिटं थांबा नाहीतर पाच तास."

एका रिटायर्ड हेडमास्तरांना त्यांनी चार वेळा खोडरबर ढकलायला लावलं होतं. हेडमास्तरांना घाम फुटला, पण गेले ते सुखरूप.

परत आलेल्या माणसाचीही सुटका नाही. त्याला बसवून भावोजी एका जाड वहीत मधल्या विमानतळाचा नकाशा काढून घेतात. जिना कुठल्या अंगाला, प्यायचं पाणी कुठे, संडास किती पावलांवर, खुर्च्यांचा रंग कोणता. अशा सात वह्या भरल्यात. आणि हे गृहस्थ स्वतः? जन्मात एकदाही विमानात बसलेले नाहीत! विचारलं की म्हणतात, "मी गेलो तर इथे कोण बसेल?" अहो, मी बसेन की! अठरा वर्षं मी काय इथे माश्या मारतेय? पण तेवढं त्यांना ऐकू येत नाही.

तर झालं असं, की माझ्या भाचीला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक लेकीला दिवस गेले. ती लांबच्या देशात, सोबतीला फक्त जावई. ताईनं, म्हणजे माझ्या बहिणीनं, बाळंतपणाला जायचं ठरलं. भाची फोनवर आईला म्हणाली, "तू आलीस ना, की मी नाही घाबरणार. तोवर घाबरून घेते." ताईनं महिनाभर बॅग भरली. तेवीस किलो! सोमवारी सकाळी निघायचं, आणि डॉक्टरांनी तारीख दिलेली पुढच्या रविवारची.

शुक्रवारी दुपारी मी ताईचे कागद पाकिटात घालायला घेतले. बघते तर काय, तिकिटं दोन. कंपन्याही दोन.

"भावोजी," मी म्हटलं, "ताईची बॅग कुठे उतरणार?"

त्यांना वाटलं, मी त्यांची नक्कल करतेय. ते हसले. मग त्यांनी माझं तोंड पाहिलं. कप मांडले, पेन आडवं ठेवलं, खोडरबर ढकलत पेनापर्यंत आणलं आणि तिथेच थांबले.

"एका तिकिटावर तिला मधे अकरा तास बसावं लागत होतं," ते हळूच म्हणाले. "गुडघे धरतात गं तिचे. म्हणून दोन काढली. तीनच तास होतात."

"आणि व्हिसा?"

"घरच्या घरी म्हणून कप मांडलेच नाहीत मी."

झालं! माझं डोकं असं फिरलं म्हणता! "सगळ्या जगाला खोडरबर ढकलायला लावलंत आणि स्वतःच्या बायकोला तेवढं मोकळं सोडलंत? ती पोर तिथे आईची वाट बघतेय!" माझा आवाज जिन्यावर ऐकू गेला असणार, कारण वरून कुणीतरी वाकून बघून गेलं. मधल्या देशाच्या व्हिसाला कामाचे पाच दिवस लागतात. दुसरी विमानं पाहिली, सगळी भरलेली. पहिली रिकामी जागा बारा दिवसांनी. भावोजी खोडरबर मुठीत धरून बसून राहिले.

तेवढ्यात ताई आली, कागद न्यायला. मी रागारागात सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, टेबलाकडे पाहिलं, नवऱ्याच्या मुठीतून खोडरबर काढून घेतलं आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकलं.

"बॅगेमुळेच ना? मग बॅग देतच नाही मी विमानवाल्यांकडे. माझ्यापाशीच राहील. उतरायचा प्रश्नच कुठे येतो?"

अठरा वर्षांत हे कुणी केलं नव्हतं. कप हलवले, पेन हलवलं, पण खोडरबर उचलून पर्समध्ये? भावोजींनी धडपडत फोन उचलला. दोन्ही कंपन्यांना विचारलं, मग त्या देशाच्या कचेरीत तीनदा तेच तेच विचारलं. काही देशांत आपली नुसती सावली पडली तरी व्हिसा लागतो. या देशाचं बरं होतं. बॅग हातातली, पुढच्या विमानाचा बोर्डिंग पास आधीच काढलेला, आणि दरवाजाबाहेर पाऊल नाही, तर व्हिसा नको.

आता तेवीस किलोचे सात किलो करायचे! हातातल्या बॅगेला तेवढंच चालतं. शनिवार-रविवार आमच्या घरात नुसता धुमाकूळ. बाथरूममधला वजनकाटा बैठकीत आला. ताईनं जुन्या मऊ कापडाची सहा दुपटी शिवली होती, ती काही केल्या सोडेना. शेवटी दोन स्वेटर अंगावर, वर कोट, कोटाच्या खिशांत बाळाचे मोजे, एक दुपटं गळ्याला मफलरसारखं. दारातून तिला आडवी होऊन निघावं लागलं. मी हसून हसून खाली बसले. "हसतेस काय," ताई म्हणाली, "मागून बटण लाव."

सोमवारी काउंटरवरच्या मुलीनं विचारलंच, "मधल्या देशाचा व्हिसा?" ताईनं पर्समधून खोडरबर काढून तिच्यापुढे ठेवलं. "ही माझी बॅग. ही उतरतच नाही." मुलगी गोंधळली. मग बोर्डिंग पास बघितला, साहेबांना फोन लावला. दहा मिनिटं लागली. भावोजी दोरीच्या अलीकडे उभे राहून ती दोरी पिळत होते. मग शिक्का बसला. मला रडूच कोसळलं, आणि रडतानाही मी त्यांनाच ओरडत होते.

दुपारी ऑफिसात फोन वाजला. मी स्पीकर लावला.

"अहो, मधे पोचले. जिना उजवीकडे, पाणी जिन्याखाली, काउंटर चौथ्या खांबापाशी. वहीतून उतरवून दिलंत तसंच आहे सगळं, कुणाला काही विचारावं लागलं नाही. फक्त खुर्च्या निळ्या लिहिल्यात, त्या हिरव्या आहेत. तेवढं दुरुस्त करा."

भावोजींनी वही उघडली, 'निळ्या' खोडायला सवयीनं खोडरबर शोधलं, मग त्यांच्या लक्षात आलं की ते कुठे आहे. चष्मा काढून डोळे पुसत बसले. मी चहा सांगितला. दुसरं काय करणार?

बाळ तीन दिवस आधी आलं, गुरुवारी पहाटे. मुलगी. भाचीनं फोटो पाठवला. आई शेजारी बसलेली, आणि बाळ गुंडाळलंय ते ताईच्या गळ्यातल्या दुपट्यात. बारा दिवसांनंतरची विमानातली ती रिकामी जागा माझ्या डोळ्यांसमोर आली.

भावोजींनी तो फोटो बराच वेळ पाहिला. मग खणातून पासपोर्ट काढून माझ्यासमोर ठेवला. कोरा करकरीत, एक शिक्का नाही त्याच्यावर.

"माझं तिकीट काढ."

मी गुपचूप तीन कप मांडले. पेन आडवं ठेवलं. "मधे कुठे थांबणार?"

"तिथेच. एकाच तिकिटावर, ते अकरा तासांचं. मला त्या हिरव्या खुर्च्यांवर बसायचंय."

"आणि इथे कोण बसेल?"

"तू की!" ते म्हणाले. "त्यात विचारायचं काय?"