फिल्टरपर्यंत पोचणारा हात

वर्ध्याच्या फलाटावर रोज सकाळी एक म्हातारा भेटायचा. डिझेल शेडमधला निवृत्त फिटर. नालवाडीहून पायी यायचा आणि नुसता बाकावर बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. डाव्या हाताची बाही कायम दुमडलेली, आणि खाली कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग.

त्याच्या शेडमध्ये एक प्रायोगिक इंजिन आलं होतं. ताकद नेहमीच्या इंजिनाच्या दुप्पट. मोठमोठ्या साहेबांनी वर्षानुवर्षं खपून आराखडा केलेला. सगळ्याचा विचार झाला होता, फक्त तेलाच्या फिल्टरपर्यंत माणसाचा हात पोचेल एवढी जागा ठेवायची राहिली होती. आराखडा बदलायचा म्हणजे चूक कबूल करणं आलं. त्यापेक्षा साहेबांनी शेडमधल्या सगळ्यांचे हात मोजले. याचा सर्वांत बारीक निघाला. देशाची प्रगती इंजिन थंड होईपर्यंत कशी थांबणार? म्हणून हात गरम इंजिनातच घालायचा.

"मी सुट्टीवर गेलो का इंजिन उभं," बोटांनी हवेत फिल्टर फिरवत तो सांगायचा. "सायेब रोज माह्या डब्यात डोकावून पाहे, मी जाड तं नाई होऊन राह्यलो!"

"मग त्या इंजिनाचं काय झालं?" मी एकदा विचारलं.

समोरून विजेचं इंजिन मालगाडी ओढत गेलं. त्यानं तिकडे पाहिलंही नाही. बाही आणखी एक घडी वर सरकवली.

"मी रिटायर झालो, अन् महिन्याभरात ते भंगारात गेलं. रिपोर्टात लिवलं, पार्ट मिळत नाई."