वाढत्या अंगाचं माप

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा पुसून टाकलं, कारण यात सांगण्यासारखं मोठं काही घडतच नाही. कोणी पळून जात नाही, कोणाचं लग्न मोडत नाही. एक बाई, एक शाळकरी मुलगी आणि एक निबंध, बस. पण काल पँटची उसवलेली शिवण घालून घ्यायला मावशीकडे गेले होते आणि सुईत दोरा ओवता ओवता तिने हे सगळं सांगितलं, अगदी भाजीचा भाव सांगावा तसं. घरी आल्यावरही तेच डोक्यात घोळत राहिलं. म्हणून लिहितेय, एका दमात.

तर मावशी. ती कोणाचीच सख्खी मावशी नाही आणि सगळ्या शाळेची मावशी आहे. शाळेच्या फाटकासमोरच्या गल्लीत तिसरं दार तिचं. पुढच्या खोलीत दोन शिलाई मशिनं, कापायचं लांब टेबल, भिंतीला आरसा, मागे स्वयंपाकघर आणि एक खाट. तीस वर्षं शाळेचे गणवेश या खोलीत शिवले गेले. मावशी आणि तिची मोठी बहीण, दोघी मिळून. ताईच्या गळ्यात टेप, मावशीच्या मांडीवर वही. ताई माप घेऊन ओरडायची, "खांदा बारा, छाती अठ्ठावीस, लांबी चौतीस," आणि मावशी मान वर न करता लिहायची. पोरं पोट आत घेऊन उभी राहायची. ताई म्हणायची, "सोड ते पोट. वर्षभर काय श्वास कोंडून वर्गात बसणार आहेस?"

मग शाळेने तयार गणवेश आणायला सुरुवात केली. प्लॅस्टिकच्या पिशवीत. लहान, मध्यम, मोठा. ताई म्हणाली, "पोरं काय फक्त तीनच प्रकारची असतात?" पण तिला विचारतंय कोण. त्यानंतर दोन वर्षांनी ताई गेली. तिचं मशीन मावशीने चादर घालून झाकून ठेवलं. आता येतं ते काम म्हणजे चेन बदलायची, पडदे, उसवलेलं. दिवसभरात तिच्याशी बोलणारं माणूस म्हणजे दूधवाला, आणि तोही दाराबाहेरून "ठेवलंय" एवढंच.

अशात एका शनिवारी दुपारी एक मुलगी दारात उभी. दहावीची. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, पाठीवर तिच्याएवढं दप्तर.

"मावशी, तुमच्याकडे मापांच्या जुन्या वह्या आहेत ना? आई म्हणाली."

"आहेत. रद्दीवाला पाठवलाय का आईने?"

"नाही हो. मला निबंधासाठी हव्यात."

मावशीला वाटलं, फावल्या वेळेवर वगैरे असेल. मुलीने समजावलं. हा वेगळा निबंध. स्वतंत्र संशोधनाचा. विषय आपला आपण निवडायचा, प्रश्न आपला आपण शोधायचा, आराखडा करायचा, आणि उत्तर कुठल्या पुस्तकातून उचलायचं नाही.

"मग कुठून उचलायचं?"

"तुमच्या वह्यांतून. माझे तीन विषय सरांनी नाकारलेत. पहिला होता पाणी. सर म्हणाले, एवढ्या पाण्यात तू बुडशील. दुसरा आनंद. सर म्हणाले, आधी निबंध लिही, मग बघू आनंदाचं."

"आणि तिसरा?"

"तिसऱ्याला ते नुसते हसले."

चौथा विषय मात्र सरांना पटला होता. आपल्या शाळेतली सहावीची मुलं तीस वर्षांत उंच झाली का? शाळेत उंचीची नोंद नव्हती. पण मावशीकडे तीस वह्या होत्या, आणि दर वर्षी सहावीतल्या प्रत्येकाच्या पँटची नाहीतर झग्याची लांबी त्यात होती. मुलीने पहिली वही उघडून विचारलं, "ही मुलांची मापं ना?" मावशी म्हणाली, "हो, मग कोणाची?" त्यात खोटं काही नव्हतं. आयुष्यभर ती त्याला मापच म्हणत आली होती.

मग शनिवार सुरू झाले. मावशी वाचायची, मुलगी लॅपटॉपवर टाकायची. पहिल्या दिवशी पाच वह्या झाल्या आणि मावशीने मनात हिशोब केला. या वेगाने सहा शनिवारांत पोरगी मोकळी. म्हणून दुसऱ्या शनिवारी ती जरा हातचं राखून वाचायला लागली. एक नाव वाचायचं आणि त्याची गोष्ट सांगायची. हा बघ, हा आरशात बघून रडायचा. हिची आई हिला आणि धाकटीला एकाच कापडात बसवायला सांगायची. मुलगी हसायची आणि मध्येच म्हणायची, "मावशी, लांबी?" चार शनिवारांत अकराच वह्या झाल्या. मावशीने तिचं नाव चष्मिस ठेवलं. शुक्रवारी संध्याकाळी ती दोनदा केर काढायला लागली.

पाचव्या शनिवारी चष्मिसने आलेख दाखवला. एक रेघ, हळूहळू वर चढणारी, आणि मध्येच एका वर्षी टुणकन उडी.

"हे बघा मावशी. या एका वर्षात मुलं दीड इंच वाढलीत. काय झालं होतं त्या वर्षी?"

मावशीने वर्ष बघितलं. "इथला कारखाना बंद पडला होता."

"मग तर उलटं व्हायला हवं. घरात कमी, तर मुलं खुरटतील ना?"

तेव्हा मावशीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या वर्षी दारात उभ्या असलेल्या एकूण एक आईने ताईला एकच वाक्य सांगितलं होतं. वाढत्या अंगाचं शिवा. यंदा शिवलंय ते आठवीपर्यंत जायला हवं. मुलं उंच झालीच नव्हती. पँटी लांब झाल्या होत्या. वहीतलं माप म्हणजे पोराचं अंग नव्हे, कापायचं कापड. शिंप्याच्या घरात माप म्हटलं की हेच, त्यामुळे तिला वेगळं कधी सुचलंच नव्हतं.

आता तोंड उघडायला हवं होतं. मावशी आत गेली, पाणी प्यायली, बाहेर आली आणि म्हणाली, "पुढची वही घ्यायची का?"

असं तिने तीन शनिवार केलं, गोष्टी न सांगता नुसते आकडे भराभर वाचत. अगदी तोंडात मिठाची गुळणी. मुलगी आकडे भरत होती, सरांना दाखवत होती, सर म्हणत होते छान चाललंय, आणि मावशी आठवडाभर स्वतःशी भांडत होती. सांगितलं तर निबंध कोसळणार. निबंध कोसळला की पोरगी कशाला येईल? एकदा तर तिने झाकलेल्या मशिनाकडे बघून मोठ्याने म्हटलं, "तू असतीस तर पहिल्याच दिवशी सांगून मोकळी झाली असतीस." मग स्वतःचा आवाज ऐकून तिलाच कसंतरी झालं. त्या दिवशीचं तिचं ते पहिलं वाक्य होतं.

आठव्या शनिवारी चष्मिस कच्चा खर्डा छापून घेऊन आली. वाचून दाखवायला लागली. सुरुवातीला आभाराचा परिच्छेद होता. "तीस वर्षं अत्यंत अचूक मापं जपून ठेवणाऱ्या मावशींमुळे..."

"ते खोड," मावशी म्हणाली.

"काय? मावशी लिहायला नको? नाव घालू का?"

"नाव राहू दे. अचूक खोड."

मावशीने हातातली कात्री टेबलावर ठेवली.

"ही मुलांची मापं नाहीत गं. वाढत्या अंगाची आहेत. पोरगं चौतीस भरलं तर आम्ही छत्तीस लिहायचो. दोन इंच आत दुमडायचे, पोरगं वाढलं की सोडायचे."

"प्रत्येकाला दोन?" मुलीने पटकन पेन काढलं. "मग काही नाही, सगळ्यातून दोन वजा करते."

"प्रत्येकाला कसे दोन? कोणाला एक, कोणाला तीन. एकुलत्या एकाला अर्धा. पाठीवर दोन भाऊ असले तर चार. ताई ठरवायची."

"कशावरून?"

"पोराच्या चपला बघून. आईचा चेहरा बघून."

"आणि ते लिहिलंय कुठे?"

"ताईच्या डोक्यात होतं. ती वाढवूनच सांगायची, मी लिहायचे."

मुलीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तुम्हाला हे आज आठवलं?"

मावशीला हो म्हणता आलं असतं. "नाही. कारखान्याचं वर्ष निघालं तेव्हाच."

"तेव्हापासून? मावशी, त्यानंतर मी तीन शनिवार आकडे भरत बसले. सांगायचं ना."

"तू येत होतीस ना," मावशी म्हणाली.

मुलीने कागद गोळा केले, लॅपटॉप दप्तरात घातला. तिला कळलं की नाही, मावशीला अजूनही माहीत नाही. "तीन आठवडे राहिलेत द्यायला," ती म्हणाली, मावशीला नाही, दप्तरालाच. आणि गेली.

पुढचा शनिवार कोरा गेला. मावशीने दार उघडं ठेवलं, मग धूळ येते म्हणून लोटलं, मग पुन्हा उघडलं. त्याच्या पुढचाही गेला. तिने एक पडदा शिवला आणि तो उलट्या बाजूने शिवला.

बुधवारी शाळा सुटल्या सुटल्या चष्मिस आली. प्लॅस्टिकच्या पिशवीतला तो गणवेश अंगात, खांद्यावरून उतरलेला. लॅपटॉप नाही, नुसती वही.

"सर म्हणाले, आकडे चुकलेले नाहीत, माझा प्रश्न चुकला. आता प्रश्न असाय, की आईबाप पोरांच्या वाढीचा अंदाज कधी, किती आणि का वाढवून धरतात. आलेख तोच. आता फक्त मापं का वाढवली एवढंच हवंय. म्हणजे ताईंबद्दल हवंय. मला सातला घरी जायचंय."

मावशी बोलली. ताई पोराचं मनगट कसं धरायची, मोठ्या मनगटाचं पोर वाढणार हे कसं ओळखायची. एका बापाने वाढवू नका म्हटलं तेव्हा ताईने त्याला न सांगता दोन इंच कसे आत ठेवले, आणि पुढच्या वर्षी तोच पँट लांब करून घ्यायला दारात कसा उभा राहिला. ताईबद्दल सांगायला खूप होतं, ती गेल्यापासून कोणी विचारलंच नव्हतं. मुलगी खाली मान घालून लिहीत होती. एकदाही "लांबी?" म्हणाली नाही.

सात वाजता ती उठली. "येते हं मावशी. आणि ते अचूक मी खोडलं नाही. वाक्य बदललं."

"काय केलंस?"

"छापून आणते, तेव्हा वाचा."

निबंध दिला गेला, चांगला झाला. हे मावशीला मुलीच्या आईने सांगितलं, बाजारात, दोन पिशव्या सांभाळत. मग परीक्षा आल्या, मग निकाल, मग मुलगी अकरावीला दुसऱ्या शाळेत गेली. छापलेला निबंध काही आला नाही. याला आता आठ महिने झाले.

मावशीच्या बोलण्यात राग नव्हता. "पोरगी गुणाची आहे. तिचं काम झालं, ती गेली. पोरांनी वाढायचंच असतं." मी म्हटलं, अगं मग फोन कर, नंबर तर आहे तुझ्याकडे. तिने दोरा दाताने तोडला आणि पँट माझ्या हातात दिली.

"काय सांगू फोन करून? वह्या संपल्या."

त्या वाक्याचं काय करायचं ते मला कळलं नाही, म्हणून हे लिहिलं. चष्मिसला मी ओळखत नाही. ती हे वाचत असेल तर, बाई, तुला कोणी काही म्हणत नाहीये, फक्त तो निबंध मावशीला नेऊन दे. आणि बाकीच्यांनो, तुमच्याही ओळखीत असं एक दार असणार. तुमचं काम झालं म्हणून तुम्ही जायचं बंद केलेलं. कारण शोधत बसू नका, उसवलेलं काही नसलं तरी जा. सुट्टी लागल्यावर वगैरे नाही, याच आठवड्यात. तासभर बसा. तुमच्याबद्दल कमी बोला. त्यांना त्यांच्या माणसाबद्दल विचारा.