तांडेलाचे मोजे

बांद्र्याच्या कॉन्व्हेंटमधून मॅट्रिक होऊन मी डोंगरीला, आमच्या कोळ्यांच्या गावी, परत आले, तेव्हा गावाने माझ्यावर एकच काम सोपवलं. त्याचा शीण अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

लढाई चालू होती. कापड रेशनवर होतं. आमच्या देवळाच्या सणाला नाटक व्हायचं होतं. चर्चला आमच्याकडे देऊळच म्हणतात. नाटकाची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. दोनशे वर्षांपूर्वी इथे लढाईची धामधूम माजली असताना एका तांडेलाने, म्हणजे होडीवरच्या मुख्य माणसाने, देवळातली देवमातेची, आमच्या मायची, मूर्ती जाळ्यांखाली लपवून खाडीपार नेली आणि वाचवली. तो तांडेल आमच्याच घराण्यातला, असं माझा बा मानायचा. बा स्वतः तांडेल. पाद्रीबाबांनी त्याला विचारलं, "नाटकात तांडेलाचं काम तू करशील का?" त्या दिवसापासून बा जाळं विणताना, जेवताना, अंगणात बसून बिडी ओढताना त्या कामाची तीनच वाक्यं पुटपुटत असायचा. आय म्हणायची, "तीन वाक्यांला एवढं? माजं लगीन ठरताना एक वाक्य बोलला न्हाय तुमी."

माझ्याकडे नाटकाचे कपडे आले, कारण मी शिकलेली.

पाद्रीबाबा गोव्याकडचे, नुकतेच आलेले. त्यांनी मला विचारलं, "त्या काळी साधी माणसं काय घालायची, तुला ठाऊक असेल ना?" मला ठाऊक होतं. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं एक चित्र होतं: गुडघ्यापर्यंतचा कोट, गुडघ्याखाली बांधलेली तुमान, लांब पांढरे मोजे, बकलाचे बूट. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, सामान्य माणूस. तो लंडनचा सामान्य माणूस होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चार लोकांसमोर उत्तर देता आलं, यातच मला हायसं वाटलं होतं.

तुमानी मी फाटक्या शिडाच्या कापडाच्या शिवल्या. ते कापड इतकं जाड की दोन सुया मोडल्या, आणि कितीही धुतलं तरी त्याला खाऱ्या पाण्याचा वास येई. मोज्यांसाठी माझे शाळेचे लांब मोजे उसवून जोडले.

बा रोज रुमाल लावायचा. चौकोनी कापड तिरकं दुमडून कमरेला बांधलेलं, मांड्या उघड्या, वर बंडी, डोक्याला लाल टोपी. आमच्याकडचे सगळे पुरुष तसेच. पहिल्या तालमीला त्याने तुमान चढवली, मूर्ती उचलायला वाकला आणि मागची शिवण टर्रकन फाटली.

"दाजी," मामा ओरडला, "मायला मागनं लपवा, पयले तुमी लपा!"

सगळे हसले. बासुद्धा हसला. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बाय, ह्यात मानूस होडीत चढंल कसा? वल्हं मारंल कसा?"

"बा, पुस्तकात असंच आहे."

"मंग असंल," तो म्हणाला. त्याने पुन्हा विचारलं नाही.

मी शिवण दोनदा मजबूत केली. आता फाटेना, पण त्याचे गुडघेही वाकेनात. बूट घालून तो ओल्या लाकडावर चालावं तसं चालायचा. एकदा त्याने पाद्रीबाबांना विचारलं, "फादर, मी माजा रुमाल लावून करू? काम तर त्येच हाय."

"मुंबईहून पाहुणे येणार आहेत," पाद्रीबाबा म्हणाले. "उघड्या मांड्यांनी मायसमोर उभा राहणार? आणि तुझी मुलगी शिकून आलीय, तिने सांगितलं ते चुकीचं का?" मग जरा नरमाईने म्हणाले, "शनिवारपर्यंत बघू. नाही जमलं तर मास्तर करतील." शाळेचे मास्तर सडपातळ होते आणि कायम पाटलोण घालायचे.

शनिवारी सकाळी आम्ही बायका सणासाठी देऊळ झाडत होतो. मागच्या खोलीत, जिथे पाद्रीचे झगे ठेवतात, कपाटामागे एक रंगवलेली फळी सापडली. मी ती ओल्या फडक्याने पुसली. वादळातून वाचलेल्या कोणीतरी नवस फेडायला दिलेली असावी. कोपऱ्यात साल लिहिलं होतं, आमच्या गोष्टीतल्या तांडेलाच्याच काळातलं. होडीत सहा माणसं होती. सहाही जणांना रुमाल, लाल टोपी, दोघांना बंडी. कोट आणि पांढरे मोजे फक्त एकाला होते. तो किनाऱ्यावर छत्रीखाली उभा होता आणि छत्री दुसऱ्याने धरली होती.

मी फळी तशीच टेकवून पाद्रीबाबांकडे गेले. ते काहीतरी लिहीत होते. त्यांनी मान वर केली. काय बोलायचं ते मी वाटेत इंग्रजीत आणि मराठीत, दोन्हीत जुळवलं होतं.

"काय गं?"

"मेणबत्त्या कमी आहेत," मी म्हणाले.

"आणायला सांगितल्यात."

मी बाहेर आले. त्यांनी विचारलं असतं की मग इतके दिवस काय सांगत होतीस, तर चूक कबूल करावी लागली असती. आज तुमान जमली नाही तर बाचं काम जाईल, हे मला त्या क्षणीही नीट कळत होतं.

दुपारच्या तालमीत बा मूर्ती घेऊन गुडघे टेकायला गेला आणि कलंडला. पडताना त्याने मूर्ती दोन्ही हातांनी वर धरली होती, तिला काही झालं नाही. या वेळी मामाही हसला नाही. बा बाकावर बसला, मोजे काढले, त्यांची घडी घातली आणि मास्तरांच्या हातात दिले. "तीनच वाक्यं हायत," तो म्हणाला. "मी शिकवतंय."

आणि त्याने शिकवली.

सणाला नाटक चांगलं झालं. मास्तर सहज वाकले, सहज टेकले. मुंबईच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. बा पुढे बसून ओठ हलवत होता. नंतर एका पाहुण्याला तो सांगत होता, "आमची मानसं तवा अशीच कपडं घालायची. माज्या पोरीनं पुस्तकात बघितलंय."

आठवडा गेला. मग एका सकाळी बा जाळी उचलून होडीकडे निघाला होता, तेव्हा अंगणातच त्याला फळीचं सगळं सांगितलं. सहा माणसं, सहा रुमाल. चूक माझी होती, हेही सांगितलं.

त्याने जाळी खाली ठेवली आणि सगळं ऐकून घेतलं.

"फळी कोणी रंगवली?"

"माहीत नाही. इथल्याच कोणीतरी."

"मंग आपल्यासारखाच अडाणी असंल तो," बा म्हणाला. "त्याला कपडं चितराया येत नसतील. तू नको मनाला लावून घेऊ, बाय. तुजं पुस्तक छापलेलं हाय."

मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं, पण त्याने जाळी खांद्यावर घेतली होती.