करंगळी दाखवून सर केलेला डोंगर

आता हे तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगू! आमच्या ऑफिसात मला सगळे गिर्यारोहक समजतात. डोंगरावर नवीन वाट काढणारी बाई म्हणे! अहो, मी कसली वाट काढतेय? मला एकीला जायचं होतं.

नीट सांगते. इथे परदेशात, हॉर्नबी नावाच्या उपनगरात, आमचं पाइपांच्या डिझाइनचं ऑफिस आहे. उन्हाळ्यात एका शनिवारी ऑफिसची सहल निघाली. डोंगरातल्या एका तळ्यापर्यंत चालत जायचं, काठावर बसून सँडविचेस खायची आणि परत यायचं. बस, एवढंच. घरच्यांनाही आणा म्हणाले, म्हणून मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बरोबर घेतलं. त्याचा गुडघा कुरकुरतो, पण पक्षी बघायची दुर्बीण गळ्यात अडकवली की तो कुठेही यायला तयार असतो.

गाड्या लावल्या तिथे एक टॉयलेट होतं. खोल खड्ड्यावर खोकं उभं करतात, तसलं. मी दार उघडलं, वास आला, दार लावलं.

"जाऊन ये गं, पुढे काही नाही," मिलिंद म्हणाला.

"मला नाहीये लागलेली," मी ठणकावून सांगितलं.

आणि तळ्याकाठी पोचल्यावर काय केलं? थर्मासमधला चहा प्यायले. एक कप, मग अजून एक, मग 'उरलाय थोडा, कशाला टाकायचा' म्हणून तोही! पुढचं सांगायला हवं का?

तळं इतकं गार, की आमचा मॅनेजर ग्रॅहम हौसेने टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून पाण्यात शिरला आणि शिरला त्याच वेगाने बाहेर आला. बाकी सगळं छान होतं हो, पण झाड? एक नाही! गुडघ्याएवढं गवत आणि त्याच्यावर नुसता दगडधोंड्यांचा डोंगर. म्हटलं, एखाद्या मोठ्या धोंड्याच्या आड जाऊन येऊ. हळूच उठले.

पहिल्या धोंड्यामागे गेले, तर तिथून तळ्याचा दुसरा काठ दिसत होता आणि त्या काठावर एक आख्खं कुटुंब जेवत होतं. अजून वर गेले. दुसरा धोंडा लांबून ऐसपैस दिसला, जवळ गेल्यावर माझ्या कमरेएवढा निघाला. तिसऱ्याशी पोचते, तोच मागे दगड खडखडले. वळून बघते तर ग्रॅहम! आणि त्याच्या मागे केली, आमच्याकडे नवीन लागलेली इंजिनिअर.

"कुठे निघालीस?" ग्रॅहमने विचारलं.

आता साहेबाला काय सांगणार? मला जगातल्या सगळ्या विषयांवर इंग्रजीत बोलता येतं, हा एक सोडून!

"जस्ट लुकिंग फॉर अ गुड स्पॉट," मी म्हटलं.

झालं! त्याला वाटलं, बाई व्ह्यूची जागा शोधतेय. "स्वीट ॲज!" म्हणजे इथल्या भाषेत झकास! "आम्हीपण येतो!" म्हणून तो माझ्या मागे लागला. एकदा लंच टाइममध्ये मी सांगितलं होतं, की पुण्याला असताना आम्ही गडांवर जायचो. जायचो, पण पिठलं-भाकरी खायला. ते इंग्रजीत सांगताना राहून गेलं.

मला वाटलं, दमून मागे फिरतील. म्हणून मी वेग वाढवला. त्यांना वाटलं, बाई काय फिट आहे! त्यांनीही वेग वाढवला. दगडावर पाय ठेवावा तर तो खाली घसरायला लागायचा. शेवटी हातापायांवर आले आणि एका कातळाला पालीसारखी चिकटले. खाली बघितलं, तर तळं बशीएवढं! पोटात गोळा आला. आणि पोटात आधीच काय होतं, ते तुम्हाला माहीत आहेच.

काठावर पिवळ्या जॅकेटातला मिलिंद दिसत होता. दुर्बीण माझ्यावरच रोखलेली. म्हटलं, या अख्ख्या दरीत माझी खूण कळणारा हा एकच माणूस आहे. एका हाताने कातळ धरला, दुसरा हात उंच केला आणि शाळेत बाईंना दाखवायचो तशी करंगळी दाखवली.

मिलिंदला कळलं. कारण तो गवतावर आडवा पडून हसायला लागला.

पण ग्रॅहमलाही कळलं! त्याने माझ्या करंगळीकडे बघितलं, मग करंगळीच्या रेषेत वर शिखराकडे बघितलं. "टू द टॉप? यू ब्यूटी!" असं ओरडून त्यानेही करंगळी वर केली. केलीनेही केली.

खालून मिलिंदचा आवाज आला, "अगं, दगडामागे जा, दगडामागे!"

"काय म्हणतोय तो?" ग्रॅहमने विचारलं.

"टेक केअर म्हणतोय," मी म्हटलं.

आता मागे फिरायची सोय होती का? ग्रॅहमने खालून खांदा दिला, केलीने पुढे होऊन वरून हात दिला आणि मी दात-ओठ खाऊन, बाकीही सगळं आवळून, त्या डोंगराच्या माथ्यावर पोचले. ग्रॅहमच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, इतकी वर्षं त्या तळ्यावर येतोय, पण वर यायचं कधी सुचलंच नाही. माझ्याही डोळ्यांत पाणी होतं. वेगळ्या कारणाने.

तेवढ्यात केली म्हणाली, "ग्रॅहम, जरा तिकडे तोंड कर. आय नीड अ वी."

वी म्हणजे आपली एकीच हो! आणि ती पोरगी शेजारच्या दगडामागे जाऊन, पँट झटकत परतसुद्धा आली! ग्रॅहम शांतपणे ढग बघत उभा. एवढंच? एवढंच म्हणायचं होतं?

"वेल," मी म्हटलं, "सिन्स वी आर हिअर..."

घरी येताना मिलिंदने विचारलं, "त्यांना करंगळीचा अर्थ सांगितलास?"

"सांगते सोमवारी," मी म्हटलं.

सोमवारी मीटिंग होती. ग्रॅहमने माथ्यावरचा फोटो पडद्यावर लावला, माझं तोंड भरून कौतुक केलं आणि म्हणाला, आजपासून ही आपल्या टीमची खूण! सगळे उभे राहिले. भरल्या ऑफिसात सगळ्यांनी करंगळ्या वर केल्या आणि माझ्याकडे बघत थांबले.

शाळेची सवय हो, जाते कुठे! मी "एक्स्क्यूज मी" म्हटलं आणि धावत जाऊन आले.