दोन-चाळीसची गाडी

बाबांच्या कामाला अमोनियाचा वास होता. शहराच्या बसगाड्यांची वेळापत्रकं जिथे तयार होत, त्या कचेरीत त्यांनी सारी नोकरी काढली. मोठ्या तक्त्यांच्या निळसर नकला ज्या रसायनातून निघत, त्याचा तो नाकातून थेट डोळ्यांत चढणारा वास संध्याकाळी त्यांच्या सदऱ्याला बिलगून आमच्या खडकीच्या दोन खोल्यांत येई. सदरा दोरीवर टाकताना आई म्हणायची, "अहो, गाड्या तेवढ्या वेळेवर सोडा. तुम्ही स्वतः जेवायला वेळेवर आल्याचं मला काही आठवत नाही." बाबा मान वर न करता म्हणत, "रस्त्यात गर्दी होती."

काम उरलं की रविवारी तक्ता घरी येई. फरशीवर तो पसरला की चालायला जागा राहत नसे. आडवी मांडलेली दिवसाची मिनिटं, उभे मांडलेले थांबे, आणि त्यांच्यातून तिरकी जाणारी प्रत्येक रेघ म्हणजे एक गाडी. रेघ जितकी उभी, तितकी गाडी वेगात. दोन रेघा जिथे छेदत, तिथे दोन गाड्या रस्त्यात एकमेकींसमोरून जात. माझं काम लाकडी पट्टी घट्ट धरून ठेवण्याचं. शाईचा टाक कागदावरून सरकताना जो बारीक, कोरडा आवाज होई, तो मला अजून ऐकू येतो. चूक झाली तर बाबा ती ब्लेडने खरवडत, चुऱ्यावर फुंकर मारत आणि त्या जागेवरून अंगठ्याचं नख फिरवून कागद पुन्हा गुळगुळीत करत.

प्रत्येक फेरीच्या टोकाला ते एक छोटी आडवी रेघ काढत. तेवढी मिनिटं गाडी उभी असे. चालकाने चहा प्यावा, पाय मोकळे करावेत, उशीर झाला असेल तर तो इथे भरून निघावा. "गाडीला श्वास लागतो," बाबा म्हणत. पुढे वरून सांगणं येऊ लागलं की गाड्या तेवढ्याच राहतील, फेऱ्या मात्र वाढवा. मग बाबा त्या आडव्या रेघा खरवडू लागले. तक्त्यावर फेऱ्या वाढल्या, रेघांची टोकं करवतीच्या दात्यांसारखी अणकुचीदार झाली. रस्ता होता तेवढाच होता. दुपारपर्यंत गाड्या इतक्या मागे पडत, की चालकाची पाळी संपून शेवटची फेरी निघतच नसे. ती कागदावर धावे.

अशा फेऱ्या बाबांना ठाऊक असत. आपल्या घरच्या प्रतीत ते त्या फेरीपाशी शिसपेन्सिलीने एक फिकट ठिपका काढत. कचेरीतल्या प्रतीत ठिपका नसे. लोणी काळभोरहून दुपारी दोन-चाळीसला थेट शहरात येणारी फेरी त्यांतलीच. गावाने वर्षानुवर्षं अर्ज करून ती मागून घेतली होती, त्यामुळे रद्द करण्याचं कोणी मनावर घेत नव्हतं. साहेब म्हणाले होते, "राहू द्या कागदावर. गावाला तेवढंच समाधान." बाबांनी राहू दिली. हे सारं मला नंतर कळलं.

बाबा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती आणि मी लोणी काळभोरच्या एका महाविद्यालयात शिकवत होते, तेव्हा आई शहरातल्या रुग्णालयात अतिदक्षता विभागात होती. मे महिन्यातल्या त्या दिवशी मी परीक्षेच्या पर्यवेक्षणावर होते. दोन वाजता बाहेर येऊन फोन सुरू केला, तो बाबांचाच वाजला.

"साडेचारला तिच्या घशात नळी घालणार आहेत," ते म्हणाले. "मग तिला बोलता येणार नाही. तिला तुझ्याशी काहीतरी बोलायचंय."

"काय?"

"मला सांगत नाही. म्हणते, तिलाच सांगेन."

मी म्हटलं, मिळेल त्या रिक्षाने निघते.

"रिक्षा बदलत बसू नकोस, हडपसरला दुसरी मिळेपर्यंत जीव जाईल. दोन-चाळीसची थेट गाडी आहे. तीन-पंचेचाळीसला इथे." त्यांचा आवाज एकाएकी स्थिर झाला होता. आईला ताप आला की लहानपणी मला कुशीत घेऊन ते याच आवाजात बोलत. मी त्या आवाजावर विसंबले.

थांब्याच्या पत्र्याखाली तापलेल्या डांबराचा आणि सडक्या कांद्याचा वास कोंडला होता. पत्रा आतून तडतडत होता. लोखंडी पाटीवर पेंटरने कधीकाळी काढलेले आकडे उन्हाने पिवळट पडले होते, तरी दोन-चाळीस स्पष्ट वाचता येत होते. बाकावर एक म्हातारी बाई मेथीच्या जुड्या ओल्या फडक्याने झाकून बसली होती.

दोन-पन्नासला एक शेअर रिक्षा थांबली. "हडपसर, हडपसर! एक जागा!" मी मान हलवली. तीन वाजता दुसरी आली. तीही जाऊ दिली.

"कंच्या गाडीची वाट बघताय, बाई?" म्हातारीने विचारलं.

"दोन-चाळीसच्या."

"ती व्हय? हाय की. पाटीवर हाय." तिने फडकं झटकलं. "मी मेथी इकाया बसते हितं. गाडीसाठी न्हाई."

"ती येते," मी हट्टाने म्हणाले. "माझ्या वडिलांनी लावलीये ती."

म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग वडलांना म्हनावं, एकदा हितं येऊन बसा."

तीन-दहाला मी बाकावरून उठले. त्यानंतर रिक्षा मिळायला वीस मिनिटं गेली. हडपसरला उतरून दुसरी शोधण्यात आणखी पंचवीस. रुग्णालयाच्या पायऱ्या चढताना घड्याळात चार-पन्नास झाले होते.

आईच्या तोंडाला पट्ट्या चिकटवल्या होत्या. त्यांतून नळी बाहेर आली होती. तिचा हात ऊबदार होता. तळव्याला स्पिरिटचा वास, आणि त्याखाली, अगदी आत, तिच्या नेहमीच्या साबणाचा. यंत्राचा श्वास चुकत नव्हता. मी कानाशी वाकून हाक मारली, तेव्हा तिच्या पापणीखाली बुबुळ हललं, किंवा मला तसं वाटलं.

बाहेर बाबा लोखंडी बाकावर बसले होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दोन-चाळीस आली का?"

"आली," मी म्हणाले. "हडपसरला अडकली."

त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिसऱ्या दिवशी पहाटे आई गेली. मधल्या काळात ती बोलू शकली नाही.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. दुपारी झोपून उठले तर समोरच्या खोलीत बाबांनी जुना तक्ता फरशीवर पसरला होता. अमोनियाचा वास कधीच उडून गेला होता. कागदाला आता कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास होता. "पट्टी धर," ते म्हणाले. मी खाली बसले आणि पट्टी धरली. तिच्या कडेशी, दोन-चाळीसच्या रेघेजवळ, तो फिकट ठिपका होता.

"दोन-चाळीसला निघाली असती," बाबा नख फिरवत म्हणाले, "तर तीन-पंचेचाळीसला पोचली असती. हडपसरच्या गर्दीची दहा मिनिटं मी त्यात धरलेली आहेत. वर अर्धा तास अडकली असती तरी सव्वाचार झाले असते."

मी पट्टी आणखी घट्ट धरली.

"ठिपका मीच काढलाय. फोनवर बोलताना मात्र मला रेघच दिसली." त्यांनी ब्लेड घेऊन ती रेघ खरवडायला सुरुवात केली. जुना कागद दोन फटक्यांतच फाटला आणि भेगेतून खालची फरशी दिसू लागली. त्यांनी सवयीने फुंकर मारली. चुरा माझ्या मनगटावर पडला.

"ती फेरी अजून आहे का?" मी विचारलं.

"पाटीवर असेल."

मग मी त्यांना मेथीवाल्या बाईचं बोलणं सांगितलं, शब्द न बदलता. सांगायला नको होतं, असं पुढे अनेकदा वाटलं. तेव्हा मला ते सांगायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून ते माझ्याबरोबर लोणी काळभोरला आले. म्हातारी नव्हती. अडीच वाजता बाबा त्या तापलेल्या बाकावर बसले, हात गुडघ्यांवर, समोर रस्ता. दोन-चाळीस झाले. विटांचा ट्रॅक्टर गेला. कंपनीची एक पांढरी बस न थांबता गेली, तिच्या धुळीने बाबांना खोकला आला. रिक्षावाला ओरडला, "हडपसर!" बाबांनी मान हलवली, मी हलवली होती तशीच.

"तू कधीपर्यंत थांबलीस?"

"तीन-दहापर्यंत."

त्यांनी घड्याळ मनगटावरून उतरवून मांडीवर ठेवलं. पत्रा तडतडत होता. तीन-दहा झाले.

"चला, बाबा," मी म्हणाले.

ते उठले नाहीत.